दुखतंय थोडंसं

थोरली बहीण गेली त्याला वर्ष होत आलं होतं, आणि आता धाकटीला धाकटी म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. सत्तरीला टेकलेल्या बाईला धाकटी म्हणणार तरी कोण? पण घरात दोघी होत्या तोवर ते नाव खुशाल चालत होतं. थोरली भर तरुणपणी विधवा झाली आणि कडेवरच्या पोराला घेऊन धाकटीच्या दोन खोल्यांत राहायला आली, ती कायमचीच. धाकटीनं लग्न केलं नाही. पोराला दोघींनी मिळून वाढवलं. पोरगा शिकला, परदेशी गेला आणि तिकडचाच झाला. रविवारी त्याचा फोन यायचा. न चुकता यायचा, त्यात त्याला बोल लावायला जागा नव्हती.

धाकटी एका मोठ्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होती. उभा जन्म कानाला हेडफोन आणि तोंडात "नमस्कार, कोण हवंय आपल्याला?" आवाज असा गोड की तक्रार करायला फोन केलेला माणूसही जरा नरमायचा. तिचा आवाज अर्ध्या शहराला ठाऊक होता, चेहरा कुणालाच नाही. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही, कारण घरी आलं की थोरली असायची, आणि ती आवाजाला मुळीच भुलायची नाही. "ऑफिसातला आवाज दारातच काढून ठेव, आणि आत ये," म्हणायची.

आता मात्र कधीकधी दुपार होईस्तोवर तिच्या तोंडून एक शब्द निघालेला नसायचा. मग दुकानात पाव मागायला गेली की पहिला शब्द घशातच अडायचा आणि खाकरून बाहेर काढावा लागायचा.

अशात दाढ दुखायला लागली. वरची, उजवीकडची. गुळण्या झाल्या, गोळ्या झाल्या, गालाला उशी दाबून निजणं झालं. शेवटी कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे गेली. त्यानं आरशानं बघितलं, चिमट्याच्या दांड्यानं ठोकलं, ती खुर्चीत हातभर उडाली.

"काढून टाकू," तो म्हणाला. "या वयात कशाला रूट कॅनॉलच्या भानगडीत पडताय?"

'या वयात' हे शब्द तिनं थोरलीच्या आजारपणातही ऐकले होते. तेव्हा ती मान हलवून गप्प बसली होती. या वेळी ती खुर्चीतून उतरली, पर्स उचलली आणि म्हणाली, "दाढ माझी आहे. वय पण माझंच आहे." आणि तडक बसनं डेंटल कॉलेजात गेली.

रविवारी भाच्याला हे सांगितलं तर तो तिकडे कपाळाला हात लावून बसला असावा. "अगं मावशी, विद्यार्थ्यांच्या हाती दात देतेस? शिकाऊ पोरं ती! तुझ्यावर हात साफ करून घेतील. चांगल्या ठिकाणी जा ना."

"ठरलंय आता," धाकटी म्हणाली. खरं तर तिलाही धाकधूक होतीच.

कॉलेजातलं दालन रेल्वे स्टेशनएवढं लांब. खुर्च्यांच्या रांगा, प्रत्येक खुर्चीवर एक दिवा, एक उघडं तोंड आणि त्यावर वाकलेलं एक पोर. सगळीकडून ड्रिलचा घरघराट. तिच्या वाट्याला आलेली मुलगी बारीक चणीची होती, शेवटच्या वर्षाला. तिला सगळे 'कासव' म्हणत, तोंडावरच. शेजारच्या खुर्चीपाशी काम करणाऱ्या पोरानं तर पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आजी, डबा आणलाय ना? कासवाकडे नंबर लागलाय तुमचा. दिवस मावळेल."

"आजी नको," धाकटी म्हणाली. "मावशी म्हणा."

"मावशी," कासव म्हणाली, "तो म्हणतो ते खरं आहे. मला वेळ लागतो. चालेल ना?"

असं आधी परवानगी मागून कुणी तिच्या अंगाला हात लावल्याला किती काळ लोटला होता! धाकटी म्हणाली, "चालेल."

आणि कासवाला खरंच वेळ लागला. तिनं भुलीची सुई दिली तीही एकीकडे गाल हलकेच हलवत, दुसरीकडे "झालं, झालं, आता नाही दुखणार" असं पुटपुटत. मग तोंडावर हिरव्या रबराची एक चादर ताणून बसवली, तिच्यातल्या भोकातून फक्त ती एकच दाढ वर आलेली. "औषध घशात जाऊ नये म्हणून," तिनं समजावलं. "आता तुम्हाला बोलता येणार नाही. काही वाटलं तर डावा हात वर करायचा. मी लगेच थांबेन."

जन्मभर बोलून पोट भरलेल्या बाईचं तोंड असं बंद झालं, आणि आश्चर्य म्हणजे तिला त्याचं सुखच वाटलं. काही बोलायचं नाही, काही सुचवायचं नाही. एक माणूस तिच्या तोंडावर वीतभर अंतरावर वाकलेलं, त्याचा श्वास कानाशी, त्याचं सगळं लक्ष तिच्या एका दाढेत. कासव केसासारख्या बारीक सुयांनी दाढेच्या मुळांतल्या नळ्या साफ करत होती, पोहायच्या तलावासारखा वास येणाऱ्या औषधानं धूत होती आणि स्वतःशीच बोलत होती. "इथे वळण आहे. हळू. आलं. शाब्बास." ते शाब्बास दाढेला होतं की स्वतःला, कळत नव्हतं. धाकटीनं ते आपल्याकडे घेतलं.

मध्येच मॅडम आल्या. या विभागाच्या शिक्षिका, करड्या केसांच्या, तोलूनमापून बोलणाऱ्या. एक्स-रे दिव्यासमोर धरून म्हणाल्या, "सुई मुळाच्या टोकापर्यंत पोचलेली नाही. कमी पडतेय. परत." दुसऱ्या एक्स-रेला म्हणाल्या, "आता बरोबर." कासवाचा जीव भांड्यात पडला, तिच्या खांद्यांवरूनच कळलं. "तीन नळ्या सापडल्यात. आत औषध घालून ठेव. पुढच्या खेपेला नळ्या कायमच्या भरून टाकू. नीट झाली, तर हीच केस परीक्षेला दाखव."

पहिले दोन दिवस दाढ खरंच ठणकली. मग थांबली. एकदम, नळ बंद करावा तशी. धाकटी सकाळी उठली आणि जीभ फिरवून बघितली, तर काहीच नाही. बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. चहा केला, कप धुतला, खिडकीत बसली. मग बसूनच राहिली.

दुपारी फोन वाजला. आठवड्याच्या मधल्याच वारी. तिला आधी वाटलं, चुकून कुणाचा तरी लागला असावा.

"मावशी, मी बोलतेय, कॉलेजातून. दुखतंय का हो अजून?"

त्या आवाजात काळजी होती. आवाज ओळखण्यात धाकटीचा हात कुणी धरला नसता. रीत म्हणून विचारणारा आवाज वेगळा आणि उत्तराची वाट बघणारा वेगळा. तिच्या तोंडात 'नाही' तयार होतं. बाहेर पडलं ते वेगळंच.

"थोडंसं."

"अरे देवा. थोडंसं म्हणजे कसं? ठणकतं की चावताना?"

"चावताना," धाकटी म्हणाली.

"मी उद्या परत फोन करते हं. गोळी घ्या. आणि त्या बाजूनं खाऊ नका."

दुसऱ्या दिवशी फोन आला. तिसऱ्या दिवशीही. एवढ्याशा खोटेपणानं कुणाचं काय बिघडतंय, अशी तिनं मनाची समजूत घातली. दोन-चार दिवसांनी बरं वाटतंय म्हणून सांगू.

पण भरायच्या दिवशी कासवानं विचारलं, "दुखतंय?" आणि धाकटी म्हणाली, "किंचित." दुखत असताना दाढ भरून बंद करत नाहीत, हे तिला तेव्हा कळलं. कासवानं सगळं पुन्हा उघडलं, धुतलं, नवं औषध ठेवलं आणि पुढची तारीख दिली. त्या तारखेलाही तेच. मधल्या वेळात मॅडम दुसऱ्या खुर्च्यांवर गुंतलेल्या असल्या की दोघी बाकावर बसून वाट बघायच्या. कासव सफरचंद कापून अर्धं तिला द्यायची, मग एकदम आठवून म्हणायची, "नाही नाही, तुम्ही नको, चावायचं नाही," आणि स्वतःच दोन्ही अर्धी खायची. तिचे आईवडील लांब होते. वसतिगृहाच्या खोलीतली जोडीदारीण लग्न होऊन गेली होती. तेव्हापासून खोलीत एकटीच.

"भिंतीशी बोलते मी," कासव हसून म्हणाली. "तुमच्या घरी कोण असतं, मावशी?"

"भाचा आहे ना," धाकटी म्हणाली. तो कुठे आहे ते मात्र सांगितलं नाही.

घरी येताना बसमध्ये तिला वाटलं, आपण या पोरीला सोबत देतोय. मग वाटलं, कसली सोबत? लबाडी आहे नुसती. पण फोन वाजला की हा विचार कुठल्या कुठे जायचा.

तिकडे बाकीच्या पोरांच्या केसेस पटापट संपत होत्या. शेजारच्या खुर्चीपाशी काम करणाऱ्या त्या पोरानं तर आपली केस केव्हाच भरून सही घेतली होती. कासव मात्र दाढ उघडून बसलेली. तिच्या डोळ्यांखाली काळं यायला लागलं. "मावशी, मला समजतच नाहीये. एक्स-रे चांगला आहे. सूज नाही. ठोकलं तर तुम्ही दचकत नाही. मग दुखतंय कुठे?" धाकटीनं नजर चुकवली. आज सांगू, असं ठरवून ती आली होती. पण आज सांगितलं की आजच भरणार आणि आजच संपणार.

एक गोष्ट तिच्या हिशेबात नव्हती. भाच्यालाही ती दर रविवारी तेच सांगत आली होती. दुखतंय म्हटलं की तो जरा जास्त वेळ बोलायचा, म्हणून. एका रविवारी तो चिडला. "मी म्हटलं नव्हतं? किती खेपा झाल्या या! शिकाऊ लोकांना कळतं का काही? आता मीच बघतो."

"तू काही करू नकोस. मुलगी चांगली आहे रे."

"चांगली आहे, तर मग दुखतंय कसं?"

याला तिच्याकडे उत्तर होतं, पण देता येण्यासारखं नव्हतं. भाच्यानं कॉलेजच्या विभागप्रमुखांना फोन लावला. आईच्या वेळी आपण जवळ नव्हतो, आता मावशीसाठी तरी काहीतरी करू, असं त्याच्या मनात असावं. त्यानं चांगलं झापलं म्हणे.

पुढच्या खेपेला खुर्चीशी मॅडम स्वतः उभ्या होत्या. कासव बाजूला, हातमोजे घालून, पण हातात काही नाही. तिनं धाकटीकडे बघून हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

भूल झाली. रबराची चादर बसली. आणि मग तिच्या उताण्या चेहऱ्यावरून दोघींचं बोलणं सुरू झालं, ती तिथे नसल्यासारखं.

"चौथी नळी असणार. तू शोधलीस का?"

"शोधली, मॅडम. दोनदा. नाहीये."

"नाहीये की सापडली नाही? पेशंट इतके आठवडे दुखतंय म्हणतोय. त्यांच्या घरून फोन आलाय. वरच्यांना मला उत्तर द्यावं लागलं. तुझं काम चांगलं आहे असं मीच सगळ्यांना सांगत होते."

कासवानं ट्रेवरचा एक्स-रे पुढे केला.

"ही केस परीक्षेला चालणार नाही. दुसरी शोध. आणि अशीच उरकणार असशील तर वेळ घेऊन उपयोग काय? बाजूला हो, मी दाढेचा तळ थोडा खोल घेऊन बघते."

उरकणार! धाकटीला चादरीखाली गुदमरायला झालं. या पोरीनं काही उरकलं नव्हतं. ड्रिल सुरू झालं, दाढेपर्यंत आलं. धाकटीनं डावा हात वर केला.

ड्रिल थांबलं. "बघ," मॅडम म्हणाल्या, "भूल देऊनही दुखतंय. म्हणजे नळी आहेच. आणखी अर्धी सुई दे."

तिनं हात खाली घेतलाच नाही. घशातून आवाज काढला, नुसता घुं-घुं झाला. जो आवाज अर्ध्या शहराला ठाऊक होता, त्याचं हे एवढंच उरलं होतं. ती मान हलवू लागली.

"हलू नका, हलू नका," मॅडम म्हणाल्या.

कासव मात्र वाकून तिच्या डोळ्यांत बघत होती. "मॅडम, हे दुखणं नाहीये. त्यांना काहीतरी बोलायचंय." आणि मॅडमच्या परवानगीची वाट न बघता तिनं चिमटा सोडवून चादर काढून घेतली.

अर्ध्या बधिर ओठांनी धाकटी बोलली. शब्द वाकडेतिकडे पडत होते. "दुखत नाहीये. पहिल्या दोन दिवसांनंतर कधीच दुखलं नाही. मी खोटं बोलत होते."

ड्रिलचे आवाज बाकीच्या खुर्च्यांवर चालूच होते. मॅडमनी चष्मा काढला. "का?"

"फोन यायचा," धाकटी म्हणाली. "हिचा. दुखतंय का विचारायला."

मॅडमनी ड्रिल ट्रेमध्ये ठेवून दिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "बाई, आम्हाला आतलं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "एक्स-रे थोडं सांगतो, बाकीचं पेशंट सांगतो. तुम्ही म्हणालात म्हणून मी नसलेली नळी शोधायला खोदणार होते. तळाला भोक पडलं असतं, तर दाढ गेली असती. आणि दोष या मुलीच्या नावावर लागला असता." मग कासवाकडे वळून, जरा हळू आवाजात, "मी बोलले ते विसर. भरून टाक. आज तूच भर."

कासवानं मान हलवली. चादर परत बसवली. तिन्ही नळ्या तिनं पुन्हा धुतल्या, वाळवल्या, नारिंगी रंगाच्या बारीक काड्या मापून एकेक आत बसवल्या, गरम अवजारानं वरची टोकं उडवली. सगळं तितकंच सावकाश, तितकंच नीट. फक्त या वेळी ती स्वतःशी काही बोलत नव्हती. हळू नाही, आलं नाही, शाब्बास नाही. धाकटी दिव्याकडे बघत पडून राहिली आणि डोळ्यांतलं पाणी कानांत जाऊ दिलं. पुसायला कोण येणार, आणि कुठल्या तोंडानं म्हणायचं पूस म्हणून?

शेवटच्या एक्स-रेत तीन पांढऱ्या रेघा मुळांच्या टोकापर्यंत अगदी काठोकाठ उतरल्या होत्या. मॅडमनी तो दिव्यासमोर धरला आणि दुसऱ्या चार पोरांना हाक मारली. "या. भरलेलं कसं दिसायला हवं ते बघून घ्या. आणि परीक्षेला हीच केस लागेल."

कासव हात धूत होती. धाकटी तिच्यामागे जाऊन उभी राहिली. "चुकले गं मी."

"दोन तास काही खाऊ नका," कासव नळाकडे बघत म्हणाली. "भूल उतरेपर्यंत गाल चावला जाऊ शकतो. सहा महिन्यांनी तपासणीला या." मावशी म्हणाली नाही.

रविवारी धाकटीनं भाच्याला सगळं सांगितलं आणि त्याच दमात विभागप्रमुखांना परत फोन करून माफी मागायला लावलं. तो म्हणाला, "मला का नाही सांगितलंस, मावशी?"

"काय सांगायचं होतं, बाळा? दुखत नाही म्हणून?"

त्यानंतर तो बुधवारीही फोन करायला लागला. काही आठवडे केला. मग त्याच्या कामाचं काही निघालं, पोरांच्या शाळेचं निघालं आणि पुन्हा रविवारच राहिला. तिनं मनाला लावून घेतलं नाही. निदान तसं ती स्वतःला सांगे. कॉलेजातून फोन आला नाही, आणि येईल असं तिनं धरलंही नव्हतं. तरी मधल्याच वारी कुठे घंटी वाजली की ती हातातलं काम थांबवायची. बहुतेक वेळा ती शेजारच्या घरात वाजत असायची.

सहा महिन्यांनी ती तपासणीला गेली. नव्या वर्गाचा एक मुलगा खुर्चीपाशी होता. त्यानं ठोकलं, दाबलं, एक्स-रे काढला. "फस्क्लास आहे, आजी. जुन्या एक्स-रेत मुळाशी काळी सावली होती ती भरून आलीय. कुणी केलंय हे?"

"होती एक मुलगी," धाकटी म्हणाली.

ती बाहेर पडली तेव्हा कासव व्हरांड्यातून फायली घेऊन येत होती. केस कापले होते, चालही जरा बदलली होती. दोघी एकमेकींना दिसल्या, आणि टाळायला तिथे दुसरा रस्ता नव्हता.

"बघितला मी एक्स-रे," कासव म्हणाली. "आत्ताच. तुमचं नाव दिसलं म्हणून." मग थोडं थांबून, "मी खूप दिवस रागावले होते. तुमच्यानंतर कुणी दुखतंय म्हटलं की मला खरंच वाटेना. एका बाईंना मी घरी पाठवलं होतं, तर गाल सुजून परत आल्या."

धाकटीनं मान खाली घातली. हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिला वाटत होतं, झालं ते त्या दोघींतच राहिलं.

"त्या बऱ्या झाल्या," कासव म्हणाली. "आणि मी आता ऐकते परत. पण वेळ लागला."

"तुला वेळ लागतोच," धाकटी म्हणून गेली, आणि लगेच जीभ चावली.

कासव हसली. थोडंसंच, पण हसली. फायली या हातातून त्या हातात घेतल्या. आतून कुणीतरी तिला हाक मारली. "पुढच्या महिन्यात जातेय मी. लांबच्या दवाखान्यात नेमणूक झालीय." ती दोन पावलं गेली, परत वळली. "तुमचे भाचे न्यायला आलेत का?"

"तो परदेशी असतो," धाकटी म्हणाली. "घरी कुणी नसतं. मी एकटीच असते."

एवढं साधं वाक्य, पण थोरली गेल्यापासून तिनं ते कुणालाही मोठ्यानं सांगितलं नव्हतं. कासवानं ते ऐकून घेतलं. अरेरे म्हणाली नाही, फोन करेन असंही म्हणाली नाही. "पायऱ्या ओल्या आहेत, मावशी," म्हणाली, "कठड्याला धरून उतरा." आणि आत गेली.

धाकटी कठड्याला धरून उतरली. बसला अजून अवकाश होता. थांब्यावर तिच्याच वयाची एक बाई गालाला रुमाल लावून बसली होती, कॉलेजचा कागद हातात घेऊन, भेदरलेली. धाकटी तिच्या शेजारी बसली. मग धाकटी खाकरली, घसा मोकळा केला आणि म्हणाली, "पहिले दोन दिवस ठणकेल. मग थांबतं. थांबलं की थांबलं म्हणून सांगा बरं का त्यांना."